अंथरुणापासून दारापर्यंत

३ मार्च १९४३ च्या रात्री लंडनच्या पूर्व भागात, बेथनल ग्रीन इथे, १७३ माणसं मेली. त्या रात्री त्या परिसरात एकही बॉम्ब पडला नव्हता. भोंगा वाजला की आसपासचे लोक अर्धवट बांधून पडलेल्या भुयारी स्टेशनात उतरत. रस्त्यावरून आत जायला एकच तोंड होतं. एकोणीस पायऱ्या, मधोमध धरायला कठडा नाही आणि ब्लॅकआउटमुळे वर जेमतेम एक मिणमिणता दिवा. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा आवाज झाला. तो कोणी आधी ऐकलेला नव्हता. मागची गर्दी घाबरून पुढे रेटली गेली. खालच्या पायऱ्यांपाशी एक बाई लेकरासकट अडखळली आणि काही सेकंदांत त्या अरुंद जिन्यात तीनशेच्या आसपास माणसं एकमेकांखाली दबली. मेलेल्यांत ६२ मुलं होती. जमिनीखालचा निवारा मात्र भक्कम उभा होता. त्याचं तोंड सुधारायला स्थानिक नगरपरिषदेने १९४१ मध्येच परवानगी मागितली होती, पण ती मिळाली नव्हती.

नागरी निवाऱ्यांबद्दल वाचायला लागलो की मी हटकून या पायऱ्यांशी येऊन थांबतो. या विषयावरचं बहुतेक लिखाण भिंतीची जाडी, स्लॅबमधल्या सळ्या आणि दाराचं वजन यांनी भरलेलं असतं. तो हिशेब महत्त्वाचा आहेच, पण तो इंजिनिअरांना फार लवकर जमला. माणूस झोपलाय तिथून त्या भिंतीमागे पोचायला किती वेळ लागतो, दार उघडं असतं का, आत किती तास श्वास घेता येतो, हे प्रश्न मात्र दर पिढीत नव्याने चुकले. म्हणून हा आढावा मी त्या वाटेच्या बाजूने घेतो आहे.

१९३८ मध्ये युद्धाची चाहूल लागली तेव्हा ब्रिटनपुढे दोन मार्ग होते. लोकांना एकत्र खोल भुयारांत न्यायचं, किंवा प्रत्येकाला त्याच्या घरापाशीच काहीतरी आडोसा द्यायचा. पहिल्या मार्गाचा आग्रह सर्वांत जोरात धरला तो जे. बी. एस. हाल्डेन यांनी. हे जीवशास्त्रज्ञ पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. स्पेनच्या यादवी युद्धातले विमानहल्ले त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. शहराखाली बोगदे खणा, सगळ्यांसाठी खणा, असं ते पुस्तक लिहून सांगत होते. लंडनच्याच फिन्सबरी भागासाठी वास्तुकार लुबेटकिन यांच्या टेक्टन या गटाने आणि ओव्ह अरूप या अभियंत्याने एक आराखडाही केला. जमिनीत उतरणारी काँक्रीटची प्रचंड विहीर, आणि तिच्यात चकलीसारखी फिरत खाली जाणारी सलग उतरण. जिना नाहीच. शांतता झाल्यावर तिथे मोटारी उभ्या करायच्या. सरकारने तो नाकारला. खर्च आणि वेळ ही कारणं होतीच, शिवाय लोक एकदा खोल गेले की कामावर परत वर येणार नाहीत, अशीही भीती सरकारला वाटत होती. बेथनल ग्रीनच्या पायऱ्या आठवल्या की त्या उतरणीचं महत्त्व कळतं.

सरकारने दुसरा मार्ग घेतला. नागरी संरक्षणाचं खातं सांभाळणाऱ्या सर जॉन अँडरसन यांच्या नावाने ओळखला गेलेला अँडरसन निवारा म्हणजे वाकवलेले सहा पन्हळी पत्रे. ते वरच्या टोकाला बोल्टांनी जोडायचे आणि पुढे-मागे सरळ पत्रे लावायचे. लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार फूट, उंची सहा फूट, आणि त्यात सहा माणसं. परसात साधारण चार फूट खड्डा घ्यायचा, त्यात हा सांगाडा बसवायचा आणि वर किमान पंधरा इंच माती टाकायची. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी मिळकत असणाऱ्यांना तो फुकट होता, बाकीच्यांना सात पौंडांना. एकूण ३६ लाख निवारे उभे राहिले. थेट बॉम्ब पडला तर त्याचा उपयोग नव्हता, पण बॉम्ब बहुतेकदा जवळपास पडतो आणि माणसं मरतात ती उडालेल्या तुकड्यांनी आणि हवेच्या दणक्याने. पन्हळी पत्रा दबतो, पण तडकत नाही, आणि माती तुकडे गिळते. ज्यांनी तो स्वतः खणून बसवला त्यांनी वरच्या मातीत भाजीही लावली. पण पावसाळी हिवाळ्यात खड्ड्यात पाणी साठे. घोटाभर थंड पाण्यात पोरांना घेऊन रात्र काढण्यापेक्षा घरातच राहिलेलं बरं, असं अनेकांना वाटू लागलं.

आणि ज्यांना परसच नव्हतं त्यांचं काय? लंडनच्या पूर्वेकडे गोदी कामगारांच्या दाट वस्त्या होत्या, आपल्या गिरणगावासारख्या. त्यांच्यासाठी रस्त्यावर विटांचे निवारे बांधले, वर काँक्रीटचा स्लॅब. त्यातल्या बऱ्याच निवाऱ्यांच्या मसाल्यात सिमेंटच नव्हतं. सिमेंटची टंचाई होती, सरकारी सूचनेची भाषा संदिग्ध होती, आणि कंत्राटदारांनी चुना-वाळूवर भागवलं. जवळ बॉम्ब पडला की विटा बाहेर ढकलल्या जात आणि वरचा स्लॅब सपाट खाली येई. ही बातमी गल्लीबोळांत पसरायला वेळ लागला नाही. लोकांनी त्या निवाऱ्यांकडे पाठ फिरवली, तिकीट काढून भुयारी रेल्वेत उतरले आणि तिथेच फलाटावर पथाऱ्या पसरल्या. सरकारने आधी मनाई केली होती, पण ती टिकली नाही. तरीही नोव्हेंबर १९४० च्या मोजणीत लंडनच्या मध्यवर्ती भागातले फक्त ४ टक्के लोक भुयारी रेल्वेत, ९ टक्के सार्वजनिक निवाऱ्यांत आणि २७ टक्के घरच्या निवाऱ्यांत झोपत असल्याचं आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं बॉम्बवर्षावातही आपल्याच घरात राहिली.

हा आकडा ज्यांनी गांभीर्याने घेतला त्यांत जॉन बेकर हे अभियंते होते. लोक अंथरूण सोडत नसतील तर अंथरुणालाच निवारा करू, असा त्यांचा विचार. १९४१ मध्ये आलेला मॉरिसन निवारा म्हणजे पोलादी टेबल. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, बाजूंना जाळी. दिवसा वर जेवायचं, रात्री आत झोपायचं. त्यामागची रचनाशास्त्राची कल्पना फार मोलाची आहे. बेकर यांनी ते टेबल ताठ राहील असं केलंच नाही. वरचा मजला कोसळला तर चौकट वाकावी, वाकताना पडणाऱ्या वजनाचा जोर पोलादाने शोषून घ्यावा, आणि तरी खाली माणसापुरती पोकळी उरावी, असा तो हिशेब होता. पोलाद लवचिकतेची मर्यादा ओलांडल्यावरही काम करतं, हे बेकर यांच्या स्वतःच्या संशोधनातलं सूत्र त्यांनी स्वयंपाकघरात आणून ठेवलं. वाईट रीतीने कोसळलेल्या ४४ घरांची पाहणी झाली. तिथल्या मॉरिसन निवाऱ्यांत १३६ माणसं होती, त्यांपैकी १२० जणांना गंभीर इजा झाली नाही. साऱ्या युद्धात माणसाच्या सवयीचा इतका आदर करणारं दुसरं यंत्र मला दिसत नाही.

जर्मनीने दुसरं टोक गाठलं. ऑक्टोबर १९४० नंतर शहरांमध्ये जमिनीवर उभे काँक्रीटचे बुरूज बांधले गेले, कारण खणण्यापेक्षा ते स्वस्त होतं आणि खालच्या पाण्याचा प्रश्न नव्हता. लिओ विंकेल यांचे शंकूच्या आकाराचे मनोरे होते, बॉम्ब घसरून जावा म्हणून. बर्लिन, हॅम्बुर्ग, व्हिएन्नातल्या तोफांच्या बुरुजांचं काँक्रीट साडेतीन मीटरपर्यंत जाड होतं. त्यांतले काही आजही पाडता आलेले नाहीत. पण ते सगळ्यांना पुरणारे नव्हते, आणि सगळ्यांसाठी नव्हतेही. ज्या परदेशी मजुरांना जबरदस्तीने आणून हे बुरूज बांधून घेतले, त्यांना आणि ज्यूंना आत जागा नव्हती. बाकी लोक घराच्या तळघरांत गेले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये आगीचं वादळ उठलं तेव्हा या तळघरांची छपरं अनेक ठिकाणी शाबूत राहिली आणि आतली माणसं कार्बन मोनॉक्साइडने आणि उष्णतेने गेली. निवारा म्हणजे आधी हवा, हे त्या शहराने फार भयंकर किंमत देऊन दाखवलं.

मग अणुबॉम्ब आला आणि प्रश्नाचं स्वरूपच पालटलं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा स्फोट केला. कित्येक मैलांवर असलेल्या एका जपानी मच्छीमार नौकेवर पांढरी राख पडली. प्रवाळाचा तो भुगा किरणोत्सारी होता. नौकेवरचे २३ जण आजारी पडले, आणि रेडिओ चालवणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. स्फोटाच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या दिशेला असलेली माणसंही धुळीने मरू शकतात, हे जगाला तेव्हा नीट समजलं. इथून निवाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. एक दणका सोसणारा, आणि दुसरा फक्त या धुळीपासून आडोसा देणारा. दुसरा खूप स्वस्त पडतो, पण त्यात बराच काळ राहावं लागतं.

त्याचं गणित कोणालाही कळेल असं आहे. धुळीतून निघणारे गॅमा किरण वस्तुमानाने अडतात. सुमारे ६ सेंटिमीटर काँक्रीट किंवा ९ सेंटिमीटर दाबलेली माती त्यांची तीव्रता निम्मी करते. असे दहा थर, म्हणजे जवळपास तीन फूट माती, घातली की तीव्रता हजारावा हिस्सा उरते. हे किरण बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून निवाऱ्याचा प्रवेश काटकोनात वळवतात. दुसरा हिशेब वेळेचा. वेळ सातपट झाला की किरणोत्सर्ग साधारण दहापट उतरतो. स्फोटानंतर एका तासाला १००० असेल तर सात तासांनी १००, दोन दिवसांनी १० आणि दोन आठवड्यांनी १. पंधरवडाभर तग धरा, हा सल्ला इथून आला.

पण पंधरवडा म्हणजे काय, ते त्या बंद खोलीत शिरून पाहिलं पाहिजे. नुसता बसलेला माणूस शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो, आणि सोबत घामाची वाफ. शंभर माणसं म्हणजे दहा किलोवॉटचा हीटर, चोवीस तास चालू. भोवतीची माती सुरुवातीला ही उष्णता पिते, मग तीही तापते. भिंतींना पाणी सुटतं, पांघरुणं ओली होतात. ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी उकाडाच माणसांना बाहेर काढतो. म्हणून निवाऱ्याच्या आराखड्यात पंखा हा भिंतीइतकाच महत्त्वाचा, आणि वीज जाणार हे गृहीत धरून तो हाताने फिरवता आला पाहिजे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचे क्रेसन किर्नी यांनी दोरीने ओढायचा झडपांचा पंखा सुचवला. घरातल्या सामानातून तो करता येतो. जुन्या कचेऱ्यांतला दोरीचा पंखा आपल्याकडच्या लोकांना ऐकून तरी माहीत आहे, त्याच्या जवळची ही गोष्ट.

अमेरिकेने या गणितावर मोठं काम केलं, पण अर्धवट. २५ जुलै १९६१ रोजी, बर्लिनचा पेच चिघळलेला असताना, केनेडी यांनी नागरी संरक्षणासाठी २०.७ कोटी डॉलर मागितले. नवे निवारे बांधण्यापेक्षा असलेल्या इमारतींची तळघरं मोजायची ठरली. जिथे किरणोत्सर्ग चाळिसाव्या हिश्शावर येतो आणि किमान पन्नास माणसं मावतात, तिथे काळ्या-पिवळ्या त्रिकोणांची पाटी लागली. माणशी दहा चौरस फूट. साडेसतरा गॅलनचं पिंप पाच जणांना चौदा दिवस पुरावं असा हिशेब होता, दिवसाला माणशी लिटरभर पाणी, आणि रिकामं झालं की तेच पिंप संडास. खायला बिस्किटं. दणका सोसण्याचा विचार यात नव्हताच. घरमालकांनी स्वतःच्या परसात बांधावं, असं सांगितलं गेलं. त्यातून शेजाऱ्याला आत घ्यायचं की दार लावायचं हा वाद पेटला. मॅकह्यू नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने १९६१ मध्ये लेख लिहून, आत घुसणाऱ्याला बळाने रोखणं नीतीला धरून आहे, असं मांडलं. मला तो वाद वाचताना त्रास होतो. निवारा खासगी मालमत्ता झाला की हा प्रश्न अटळ होता, आणि तो खासगी करण्याचा निर्णय सरकारचा होता. त्याच काळात अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसाठी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीनब्रायर या आलिशान हॉटेलखाली गुप्त बंकर बांधला जात होता. तो १९९२ मध्ये एका वर्तमानपत्राने उघड केला. नागरिकांच्या पाट्या गंजत गेल्या. २००६ मध्ये ब्रुकलिन ब्रिजच्या पायातल्या एका खोलीत १९५७ आणि १९६२ चे शिक्के असलेली खोकी सापडली. पिंपं, औषधं, बिस्किटं, सगळं जसंच्या तसं.

स्वित्झर्लंडने हाच प्रश्न बांधकाम परवान्याच्या खिडकीवर सोडवला. १९६३ च्या कायद्याने नवं घर बांधताना निवारा सक्तीचा झाला. तिथल्या साध्या चार मजली इमारतीच्या तळघरात उतरलं की कपडे धुण्याच्या खोलीशेजारी हे दार दिसतं. वीस सेंटिमीटर जाडीचं, काँक्रीटचं, पण बिजागऱ्या इतक्या चोख की एक माणूस ते ढकलू शकतो. कडेने रबरी पट्टी, आणि दाबून बसवणारे दोन लोखंडी दांडे. आत माणशी एक चौरस मीटर जागा. एका कोपऱ्यात भिंतीवर हवेचं यंत्र असतं. एक नळी बाहेरच्या झडपेकडे जाते, ही झडप दणक्याच्या क्षणी आपोआप मिटते. शेजारी विषारी वायू गाळणारा मोहोरबंद डबा, आणि खाली हाताने फिरवायचा दांडा. गाळणी लावली तर माणशी तासाला तीन घनमीटर हवा, नाहीतर सहा. दुसऱ्या बाजूला आपत्कालीन बोगद्याचं तोंड असतं, इमारत दारावर कोसळली तर बाहेर पडायला. भिंती चौरस मीटरला दहा टन दाब सोसतील अशा. आणि या सगळ्यामध्ये एरवी स्की, सायकली, बटाटे आणि दारूच्या बाटल्या. हे सामान म्हणजे निष्काळजीपणा नाही. रोज कोणीतरी आत येतं म्हणूनच दाराचं तेलपाणी होत राहतं. आज तिथे नव्वद लाखांच्या आसपास जागा आहेत, लोकसंख्येला पुरतील इतक्या.

त्याच देशाने एक मोठी चूकही केली, आणि ती कबूल केली. लुसर्नच्या सोनेनबर्ग महामार्गाचे दोन बोगदे १९७६ पासून वीस हजार माणसांचा निवारा म्हणून तयार ठेवले होते. दीड मीटर जाडीची, ३५० टनांची दारं. १९८७ मध्ये सराव घेतला तेव्हा सामान लावायला अनेक दिवस लागले, आणि एक दार नीट बंदच होईना. वीस हजार अनोळखी माणसं एका नळीत, असं जगणं शक्य नाही, हे त्या सरावाने दिसलं. छोटे, शेजाऱ्यांचे, घराखालचे निवारे बरे, हा निष्कर्ष तिथून पक्का झाला. २००६ नंतर सोनेनबर्गमध्ये फक्त दोन हजार जागा उरल्या.

फिनलंडमध्ये ग्रॅनाइटचा खडक वरच लागतो, म्हणून हेलसिंकीने तो पोखरून पोहण्याचे तलाव आणि खेळाची मैदानं केली. ७२ तासांत ती रिकामी करून निवारा म्हणून सज्ज करायची, असा नियम आहे. देशात सुमारे ४८ लाख जागा आहेत. स्वीडनने २००२ मध्ये बांधणं थांबवलं. सोव्हिएत संघाने मेट्रोची स्टेशनं खोल नेली. त्यातलं कीव्हचं आर्सेनाल्ना १०५ मीटरवर आहे, आणि २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर लोक पुन्हा तिथल्या फलाटांवर झोपले. पण १ जून २०२३ च्या पहाटे त्याच कीव्हमध्ये लोक एका दवाखान्यातल्या निवाऱ्याकडे धावले आणि दार बंद होतं. बाहेर तिघे मेले, त्यांत एक लहान मुलगी होती. खारकीव्हने मग शाळाच जमिनीखाली बांधायला घेतल्या.

इस्रायलमध्ये अंतर आणखी कमी करावं लागलं. गाझाच्या जवळच्या स्देरोतमध्ये भोंग्यानंतर पंधरा सेकंद मिळतात. १९९१ च्या आखाती युद्धानंतर प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये एक जाड भिंतींची खोली सक्तीची झाली. तिला ‘ममाद’ म्हणतात, आणि बहुतेक घरांत ती मुलांची झोपायची खोली असते. एकावर एक अशा या खोल्या इमारतीच्या आत उभा बुरूज तयार करतात. बेकर यांचं टेबलच जणू भिंतींत गेलं. पण तिचं दार क्षेपणास्त्र आणि वायू डोळ्यांपुढे ठेवून केलेलं होतं. मदतीला येणाऱ्यांना ते बाहेरून उघडता यावं म्हणून आतून कुलूप नव्हतं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सशस्त्र माणसं घरात शिरली तेव्हा आतल्यांना दाराची मूठ हातांनी धरून ठेवावी लागली. कितीतरी जणांना ती धरून ठेवता आली नाही. कोणापासून वाचायचं आहे, याचं उत्तर दाराच्या कडीत लिहिलेलं असतं, आणि ते बदलतं.

आपल्याकडे हा विषय फार काळ खंदकापुरता राहिला. १९६५ आणि १९७१ मध्ये अनेक शहरांत मैदानांतून नागमोडी खंदक खणले गेले. नागमोडी अशासाठी की एका टोकाचे तुकडे वळणापलीकडे जाऊ नयेत. मुंबईतल्या ज्यांनी १९७१ चा डिसेंबर पाहिला त्यांना खिडक्यांवरचे काळे कागद आणि भोंगे अजून आठवतात. १९६८ चा नागरी संरक्षण कायदा आहे, सराव होतात, ७ मे २०२५ लाही झाला. पण बांधकामाच्या नियमांत निवारा आला नाही.

तो सरकारी खर्चाने आला तो जम्मूच्या सीमेवर. २०१७ च्या अखेरीस जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी आणि पूंछ या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर झाले. खर्च सुमारे ४१६ कोटी रुपये. यातला महत्त्वाचा निर्णय विभागणीचा होता. १३,०२९ बंकर घरोघरी, १६० चौरस फुटांचे, आठ जणांसाठी. सामुदायिक फक्त १,४३१, ८०० चौरस फुटांचे, चाळीस जणांसाठी. दोन्हींत माणशी वीस चौरस फूट, अमेरिकन तळघराच्या दुप्पट. उखळी तोफेचा गोळा पडायला लागल्यावर शेतकऱ्याला अंगण ओलांडण्याइतकाच वेळ असतो, हे ज्याने ही विभागणी केली त्याला ठाऊक होतं. अडचणी जुन्याच. जमिनीत उतरलेल्या खोल्यांत पावसाचं पाणी झिरपतं, पंप नसतो, वीज नसते, आणि शांततेच्या वर्षांत तिथे चारा आणि लाकूड साठतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सीमेवरच्या गावांत लोकांनी बंकर झाडायला घेतले. साठलेलं सामान बाहेर काढलं, फरशी पुसली, पांघरुणं आणि पाणी आत नेऊन ठेवलं. मे महिन्यात गोळे पडले तेव्हा ज्यांच्या अंगणात बंकर होता ते त्यात उतरले. पूंछ शहर मात्र गावांच्या त्या आखणीच्या बाहेर होतं, तिथे बंकर जवळपास नव्हतेच. ७ मे रोजी गोळे शहरात पडले आणि बरेच नागरिक मारले गेले. बाकीचे आतल्या खोल्यांत, जिन्यांखाली दाटीवाटीने बसून राहिले, आणि मारा जरा थांबताच गाड्या भरून जम्मूच्या रस्त्याला लागले.